झिंडेलफिंगेनची खिडकी : भाड्याचा आरसा

 

गेल्या वर्षी याच सदरात मी 'केअरवोखे'बद्दल, म्हणजे आपल्या श्वाबेन भागातल्या जिना झाडण्याच्या पाळीबद्दल लिहिलं होतं. तो अंक पुण्याला पोचल्यावर मावशीचा फोन आला, "अगं, एम.ए. केलंस, शाळेत शिकवलंस, आणि तिकडे जाऊन जिने झाडतेस होय?" मावशी, यंदा प्रगती आहे. जो जिना झाडते, त्या घराचं भाडं किती असावं, याचा या वर्षी अभ्यास केला. तो हौसेनं केलेला नाही. एक पत्र आलं म्हणून करावा लागला.

आम्ही राहतो ती चार घरांची इमारत आहे. तळमजल्यावर घरमालकीणबाई स्वतः राहतात. वय सत्तरीच्या पुढे. सप्टेंबरात आलुबुखारचा केक वर येतो, दिवाळीत चकल्या खाली जातात, असं आमचं चांगलं चाललेलं. गेल्या नोव्हेंबरात केकऐवजी लिफाफा आला. काल्टमीटे, म्हणजे हीटिंग-पाणी वगैरे सोडून नुसतं घराचं भाडं, ९८० युरोंवरून ११२० करावं, अशी मागणी. कारण काय, तर सगळंच महागलं आहे आणि शेजारच्या इमारतीत एवढं भाडं मिळतं.

नवरा म्हणाला, "दे सही करून. म्हातारीशी कशाला वाकडं? परत घर शोधायचं म्हणजे काय, माहीत आहे ना?" माहीत होतं. ज्यांनी आपल्या भागात घर शोधलंय त्यांना वेगळं सांगायला नको. १९१५ पासून इथे गाड्यांचा कारखाना आहे. त्याच्या करांच्या पैशांवर गावानं एके काळी रस्ता ओलांडायचे पट्टेसुद्धा इटलीच्या संगमरवराचे केले. आपल्यासारखे शेकडो लोक त्याच कारखान्याच्या आणि त्याच्या पुरवठादारांच्या मागे इथे येतात. घरं मात्र त्या वेगानं वाढत नाहीत. एका घरासाठी तीस-चाळीस अर्ज, बँकेचे कागद, पगाराच्या तीन चिठ्ठ्या, आणि शेवटी 'कळवतो' म्हणून न येणारा फोन. त्यामुळे सही करण्याचा मोह मलाही झाला. पण सवयच वाईट. कुणी उत्तर लिहून दिलं की मी विचारते, रीत कुठे आहे?

म्हणून कायदा वाचायला घेतला. चालू करारातलं भाडं वाढवायचं तर जर्मन कायद्यात दोन अटी आहेत. पहिली अट : नवं भाडं त्या गावातल्या तशाच घरांच्या सर्वसाधारण भाड्याच्या वर जाता कामा नये. दुसरी अट : तीन वर्षांत एकूण वाढ २० टक्क्यांहून जास्त नको, आणि जिथे घरांची टंचाई सरकारनं जाहीर केली आहे तिथे १५ टक्क्यांहून जास्त नको. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या. आमची वाढ सव्वाचौदा टक्क्यांची. नवरा म्हणाला, "बसतंय की मग!" मी म्हटलं, "एका विषयात पास झालास. दुसऱ्या विषयाचा पेपर अजून तपासायचाय."

तो दुसरा पेपर म्हणजे मीटश्पीगेल. शब्दशः 'भाड्याचा आरसा'. गेल्या सहा वर्षांत जी भाडी नव्यानं ठरली किंवा बदलली, ती गोळा करून गाव एक तक्ता तयार करतं. घर किती चौरस मीटर, कोणत्या साली बांधलेलं, न्हाणीघर कसं, खिडक्या कशा, ते ठिकाण कसं, असं एकेक धरत गेलं की आपल्या घराचं भाडं साधारण किती असावं ते निघतं. २०२२ पासून ५० हजारांहून जास्त वस्तीच्या प्रत्येक गावाला असा तक्ता करणं बंधनकारक आहे. आपलं झिंडेलफिंगेन साठ हजारांच्या वर आहे. तक्ता शास्त्रीय पद्धतीनं केलेला असेल तर दोन वर्षांनी तो सुधारावा लागतो आणि चार वर्षांनी नव्यानं करावा लागतो. आरसा जुना झाला की त्यात चेहरा नीट दिसत नाही, हे यांना कळलं आहे.

वाढ मागणाऱ्यानं कारणही नीट द्यायचं असतं. एकतर हा तक्ता, नाहीतर भाड्यांची मान्य माहितीपेढी, तज्ज्ञाचा अहवाल किंवा तशाच तीन घरांचे दाखले. 'शेजारी मिळतं' हे कारण चालत नाही. भाडेकरूला विचार करायला वेळ मिळतो, पत्र आलं तो महिना सोडून पुढचे दोन महिने पूर्ण. आणि काही भागाला हो, काही भागाला नाही, असंही म्हणता येतं.

दोन संध्याकाळी बसून मी आकडेमोड केली. ७४ चौरस मीटर, साठच्या दशकातली इमारत, लिफ्ट नाही, खिडक्या जुन्या. उत्तर आलं १०६५. तेवढ्याला आमची संमती आहे, असं पत्र लिहिलं, हिशेब जोडला आणि धडधडत्या छातीनं खाली गेले. बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग छपराच्या खर्चाबद्दल बोलल्या, हीटिंगच्या नव्या नियमांबद्दल बोलल्या. मी ऐकून घेतलं. तीन आठवड्यांनी नवं पत्र आलं. भाडं १०७०, सोबत तक्त्यातल्या पानाचा क्रमांक. जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला हिशेब येतो." त्यांच्या तोंडून ही स्तुतीच. या सप्टेंबरात केक नेहमीसारखा वर आला.

आता तुम्ही म्हणाल, पन्नास युरोंसाठी एवढा खटाटोप? तर त्यामागे आमचा नारायण पेठेतला वाडा आहे.

आजोबांच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं होती. मी शाळेत होते तेव्हा, नव्वदच्या दशकात, नऊ बिऱ्हाडांचं मिळून महिन्याचं भाडं एकशे साठ रुपये येई. एकदा पावसाळ्यापूर्वी कौलं परतायला सात हजार लागले. म्हणजे साडेतीन वर्षांचं भाडं कौलांत गेलं. बाबांनी सगळ्यांना वाढ मागितली. बहुतेकांनी नाही म्हटलं, आणि कायदा त्यांच्या बाजूनं होता. बाबांनी रागानं जुनं भाडं घेणं बंद केलं. मग काय झालं? चौकापलीकडच्या खोलीतल्या काकूंच्या घरून दर महिन्याला अठरा रुपयांची मनीऑर्डर यायला लागली. भाडं नाकारलं तरी आपण दिलं होतं, याची पावती हवी ना! वीस पावलांवरचे पैसे पोस्टात जाऊन, शिक्का बसून, पोस्टमनच्या हातून आमच्या दारात येत. बाबा ते परत पाठवत. आणि त्याच काकू होळीला मला हाक मारून पुरणपोळी खायला घालत. बाबा आणि काका मात्र पुढे एकमेकांशी बोलले नाहीत ते नाहीतच.

मोठी झाल्यावर कळलं की ही गोष्ट घरोघरची होती. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा चांगल्या हेतूनंच आला होता. युद्ध संपलेलं, घरांची टंचाई, फाळणीनं आलेले निर्वासित. गिरगाव-लालबागच्या चाळींतल्या माणसांना त्या कायद्यानं डोक्यावर छप्पर राखून दिलं, हे विसरून चालणार नाही. पण भाडं कुठलं धरायचं? तर १ सप्टेंबर १९४० चं. आणि ते तिथेच गोठलं. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं टिकला. वरचे पैसे पागडीच्या रूपानं टेबलाखालून फिरू लागले. मालकांनी डागडुजी सोडली, भाडेकरूंनी घर सोडलं नाही, आणि मधल्यामध्ये भिंती खचल्या. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असं गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची सोय झाली, पागडीलाही कायदेशीर मान्यता मिळाली. पण काकूंच्या अठरा रुपयांवर चार टक्के म्हणजे किती? बहात्तर पैसे!

एका जुलैत वाड्याची मागची भिंत रात्री खाली आली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. मग धोकादायक इमारतीची नोटीस, मग बिल्डर, मग सहा वर्षं चाललेलं बांधकाम. भाडेकरूंना तिथेच फ्लॅट मिळाले. काकूंच्या फ्लॅटची किल्ली त्यांच्या मुलानं घेतली, काकू तोवर राहिल्या नव्हत्या. त्या वाड्यात बाबांचं चुकलं की काकांचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अठरा रुपयांत घर उभं राहत नाही, हे बाबांचं खरं होतं. पोस्टातल्या कारकुनाच्या पगारात पुण्यात दुसरी खोली मिळत नव्हती, हे काकांचं खरं होतं. दोघांच्या मधे ठेवायला आरसा नव्हता.

जर्मनांनाही गोठवायचा मोह झालाच. २०२० मध्ये बर्लिन राज्यानं भाडी १८ जून २०१९ च्या पातळीवर गोठवली. १९४० ची तारीख आठवली ना? २०२१ च्या एप्रिलमध्ये इथल्या घटना न्यायालयानं तो कायदाच रद्द केला, कारण भाड्याचा विषय केंद्रानं आधीच हाताळलेला असल्यानं राज्याला असा कायदा करण्याचा अधिकार नव्हता. भाडं वाचलं म्हणून खूश झालेल्या अनेकांना फरक परत भरावा लागला.

देशभर आहे तो ब्रेक. नावच मीटप्राइसब्रेमझे, भाड्याचा ब्रेक. २०१५ पासून. नवा करार करताना भाडं आरशातल्या आकड्याच्या फार तर १० टक्के वर. पण हा ब्रेक सगळीकडे लागत नाही. टंचाईची गावं कोणती, ते प्रत्येक राज्य ठरवतं. आपल्या बाडेन-व्युर्टेमबेर्गनं पहिल्या वेळी ६८ गावांची यादी केली, पण त्यामागची कारणं रीतसर प्रसिद्ध केली नाहीत, म्हणून २०१९ मध्ये स्टुटगार्टच्या न्यायालयानं ती अवैध ठरवली. उत्तर लिहिलं, रीत दाखवली नाही, मार्क गेले! मी वर्गात हेच सांगायचे. मग २०२० मध्ये कारणांसकट ८९ गावांची यादी आली. केंद्राचा कायदा २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा वाढवला गेला, आता तो २०२९ अखेरपर्यंत आहे. याद्या बदलत असतात, तेव्हा करार करताना आपल्या गावाचं नाव त्या वेळच्या यादीत आहे का, ते बघायचं.

आता खरी गोष्ट. ती लिहावी की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. ज्यांच्याबद्दल आहे त्या सगळ्यांना आधी वाचून दाखवली आहे, आणि त्यांची हरकत नाही.

जानेवारीत एक नवं जोडपं भारतातून आलं. मुलगा इकडे कारखान्यात, मुलगी कोल्हापूरची, नुकतंच लग्न झालेलं. आपल्या मंडळातल्या एका काकांचा स्टुटगार्टमध्ये फायहिंगेनला सामानासकट छोटा फ्लॅट होता. ती जाहिरात मीच त्यांना पाठवली, वर लिहिलं, 'आपलेच आहेत, निर्धास्त घ्या.' भाडं १०५०. घर ४८ चौरस मीटर, सत्तरच्या दशकातलं. मी आकडा वाचला होता. माझ्या बाईंशी पानापानाचा हिशेब करणारी मी, तो मात्र तपासला नाही. आपले आहेत ना!

पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंड वाढता वाढता ती मुलगी हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या भाड्याचं ऐकलं. आमचंही बघाल का?" बघितलं. स्टुटगार्ट यादीत आहे. आरशातला आकडा, त्यावर १० टक्के, त्यावर पलंग-कपाट-सोफ्याचे म्हणून सढळ हातानं धरलेले पैसे, तरी उत्तर ९०० च्या पुढे जाईना. सामानाच्या घरांत हीच मेख आहे. ब्रेक त्यांनाही लागतो, पण सामानाचे किती पैसे धरले ते वेगळं दाखवायची सक्ती नाही, त्यामुळे सगळं एकाच आकड्यात विरघळतं. खरोखर थोड्या दिवसांपुरतं दिलेलं घर, १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदाच वापरात येऊन भाड्यानं गेलेलं घर, पूर्ण नव्यासारखं केलेलं घर, यांना सूट आहे. आधीच्या भाडेकरूचं भाडं जास्त असेल तर तेही चालतं. मात्र अशी सूट घ्यायची तर मालकानं ती करारापूर्वी स्वतःहून सांगायला हवी. इथे यातलं काहीच नव्हतं.

जेवणं झाल्यावर विषय निघाला आणि दोन तट पडले. भाड्यानं राहणाऱ्या एक वहिनी म्हणाल्या, "नवीन माणसाला भाषा येत नाही, नियम माहीत नाहीत, म्हणून वाट्टेल ते मागायचं का?" घर घेतलेले एक दादा म्हणाले, "कर्ज एक टक्क्यानं मिळायचं, आता साडेतीन-चार पडतं. तो तोटा कोण भरणार?" कुणी म्हणालं, "सणाच्या दिवशी हे विषय नकोत." काकांचा चेहरा उतरला होता. मला म्हणाले, "अगं, मी त्यांना विमानतळावरून घेऊन आलो. आठवडाभर आमच्याकडे जेवले दोघं. बँकेत, आउसलेंडरबेह्योर्डेत मी बरोबर गेलो. त्याची ही परतफेड?"

क्षणभर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. माझ्या नवऱ्याला दहा वर्षांपूर्वी याच काकांनी घर मिळवून दिलं होतं. मी एवढंच म्हटलं, "काका, ते उपकार आहेत. ते फिटायचे नाहीत आणि आम्ही ते मोजणारही नाही. पण भाडं मोजायचं असतं. ते वेगळ्या कागदावर ठेवू या."

काका रागावले. मेमधल्या सहलीला आले नाहीत. त्या मुलाला मी सांगितलं होतं की मालकाला लेखी हरकत कळवावी लागते, ईमेलही चालते, आणि करार सुरू झाल्यापासून ३० महिन्यांच्या आत कळवली तर पहिल्या महिन्यापासूनचा फरक मागता येतो. त्यानं पत्र लिहिलं, मला तपासायला दाखवलं, आणि पाठवलं नाही. "ताई, ते आपले आहेत हो," म्हणाला. माझंच वाक्य मला परत मिळालं. एकदा वाटलं, मीच लुडबुड केली. एकदा वाटलं, गप्प बसले असते तर दर महिन्याला त्या दोघांच्या मनात काकांविषयी एक मनीऑर्डर साठत गेली असती.

जूनमध्ये एका रात्री काकांचा मेसेज आला. तक्त्याच्या एका पानाचा फोटो आणि खाली एकच ओळ : 'बाल्कनीचे टक्के कुठे धरायचे?' मी पानाचा नंबर कळवला. पुढे तासभर फोनवर हिशेब झाला. स्वयंपाकघर नवं होतं, ते मी धरलं नव्हतं. त्यांचं बरोबर होतं, ते वाढवलं. ऑगस्टपासून भाडं ९३० झालं, सोबत सामानाची यादी आणि तिची वेगळी रक्कम. मागच्या महिन्यांच्या फरकाचं कुणी काढलं नाही. काढायला हवं होतं, असं माझ्यातल्या शिक्षिकेला वाटतं. पण तो निर्णय त्या मुलाचा होता, त्यानं घेतला. गणपतीत काका पंगतीत वाढायला उभे होते. मला मोदक वाढताना म्हणाले, "दोन घे. पानाचा नंबर विचारू नकोस."

नव्यानं आलेल्यांसाठी चार ओळी, कापून फ्रिजवर लावा. अनामत फार तर तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी, आणि ती तीन हप्त्यांत देता येते. दलालाला ज्यानं बोलावलं, पैसे त्यानं द्यायचे. हीटिंग-पाण्याचा वर्षाचा हिशेब वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत मिळायला हवा, उशिरा आला तर सहसा जादा पैसे मागता येत नाहीत. भाडं महागाईच्या निर्देशांकाशी किंवा ठरलेल्या पायऱ्यांशी बांधलेलं आहे का, ते करारात नीट वाचा, कारण अशा करारांत वाढीचे नियम वेगळे असतात. अडलात तर भाडेकरूंची संघटना आहे, मालकांचीही आहे. दोन्हीकडे वर्गणी भरून सल्ला मिळतो. आणि आपल्यातल्या मालकांना विनंती, करार करतानाच हिशेबाचं पान जोडा. मागणारा संकोचतो, देणाऱ्यानं संकोचू नये.

आणि मला? 'आपलेच आहेत' असं लिहून यापुढे कुणाला जाहिरात पाठवायची नाही, एवढं ठरवलंय. पाठवलीच, तर खाली आरशातला आकडाही लिहीन.

चकल्या तळून झाल्यात. पहिला डबा खाली, घरमालकीणबाईंकडे. मावशी, या आठवड्यात जिन्याची पाळीही माझीच आहे, तेव्हा जाता जाता तोही झाडून टाकते.

शुभ दीपावली!